महाग हत्यार की स्वस्त? आधी चकतीवरची तारीख वाचा

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कुणी फॅब्रिकेशन, सुतारकाम, गवंडीकाम किंवा वायरिंग करतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

"महागडी हत्यारं खरंच चांगली असतात, की कंपनीच्या नावाचे पैसे मोजायचे?" तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात अर्धा तास उभे राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. दुकानदार त्याच्या फायद्याचं उत्तर देतो, यूट्यूबवाला त्याच्या. माझं मत विचाराल तर बहुतेक हत्यारं स्वस्तातली चालतात, बिनधास्त घ्यावीत. पण चार-दोन वस्तू अशा आहेत की तिथं दहा रुपये वाचवणं म्हणजे डोळा पणाला लावणं. आणि सरकारी पैशातून हत्यारं घेताना नेमका हा फरक कुणी करत नाही. माझा राग तिथं आहे.

आधी स्वस्ताची बाजू घेतो, कारण ती कुणी घेत नाही. गवंड्याची लेव्हल पाइप बघा. पारदर्शक नळी, आत पाणी, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. खर्च अगदी किरकोळ. या कोपऱ्यातल्या कॉलमची खूण त्या कोपऱ्यात न्यायची तर ही नळी चुकत नाही, कारण पाणी कुणाचं ऐकत नाही. लेझर लेव्हल हजारोंची. काम झटपट होतं, एकट्याला करता येतं, सगळं खरं. पण एकदा हातातून पडली आणि आतलं हललं तर ती चुकीची रेघ तितक्याच झोकात दाखवते. ओळंब्याचंही तसंच.

किंवा कोयता बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यालाच आपल्याकडे 'एक कोयता' म्हणतात, इतकं ते हत्यार माणसाला चिकटलंय. आपल्याकडचा लोहार तो बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवतो. म्हणजे भंगारातून. पण ते भंगार स्प्रिंगचं पोलाद असतं, टनावारी ओझं घेऊन वाकायचं आणि परत सरळ व्हायचं अशा कामासाठी बनवलेलं. लोहाराला पाणी देता येत असेल, तर चकचकीत पाकिटातला कोयता त्याच्यापुढे पहिल्या फडातच बोथट होतो. किंमत कमी आणि माल सरस, असं उदाहरण समोर असताना 'महाग तेच चांगलं' हे मला कुणी सांगू नये.

मशीनच्या बाबतीत आमच्या गावाकडचं गणितच वेगळं आहे. महागडा ग्राइंडर घेतला, तो उत्तम चालतो, एक दिवस बंद पडतो. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी. पार्ट मागवला की आठ दिवस. तेवढे दिवस रोजगार बुडाला. मधल्या किमतीच्या ग्राइंडरचे कार्बन गल्लीतल्या दुकानात मिळतात, आर्मेचर रिवाइंडिंगवाला संध्याकाळपर्यंत भरून देतो. बॅटरीवरच्या मशीनचा घोळ आणखी वेगळा: बहुतेक वेळा एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, म्हणजे पहिलं ड्रिल घेतलं तेव्हाच पुढची सगळी खरेदी ठरून गेली. दिवसाला दोनशे भोकं पाडणाऱ्या वायरमनला ते परवडतं. घरातल्या खिळ्या-स्क्रूसाठी कशाला?

आता जिथं किमतीला अर्थ आहे तिथं येऊ. ड्रिलचं बिट. बाजारात सोनेरी रंगाचे सेट ढिगानं मिळतात. सोनेरी लेप टायटॅनियम नायट्राइडचा असेल तर बिट खरंच जास्त टिकतं. पण रंग आणि लेप यात फरक आहे, आणि आतलं पोलाद साधं असेल तर लेप काय करणार? साधं कार्बन पोलाद अडीचशे अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हायस्पीड स्टील, ज्याला आपण एचएसएस म्हणतो, ते सहाशे अंशांपर्यंत धार सोडत नाही, कारण त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम असतं. टेलर आणि व्हाइट या दोघा अमेरिकनांनी 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात अशा पोलादाचं हत्यार लाल होईपर्यंत तापलेलं असतानाही लोखंड कापताना दाखवलं होतं. सव्वाशे वर्षं झाली या गोष्टीला. तरी आपला पोरगा अँगलला तीन भोकं पाडतो, बिट निळं पडतं, चौथ्या भोकाला तो मशीनवर अंगाचा भार टाकतो आणि बिट तुटतं. स्वस्त सेट तीनदा घेण्यात एचएसएसचे पैसे निघून गेलेले असतात. हिशेब त्यालाही कळतो हो. पण त्याच्या खिशात आज दीडशेच असतात.

आणि सगळ्यात वाईट प्रकरण म्हणजे कटिंग व्हील. ती पातळ चकती.

4 इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे फिरतो. गुणाकार करून बघा, चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. एक्स्प्रेस-वेवरची कुठलीही गाडी एवढी पळत नाही, आणि ही चकती माणूस चेहऱ्यापासून दीड फुटावर धरतो. ती दगडाची नसते. घासणारे कण राळेत बसवलेले, मध्ये फायबरची जाळी. राळ जुनी होते, ओल धरते. म्हणून चांगल्या चकतीवर मधल्या धातूच्या कडीला मुदत छापलेली असते, बनवल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षांची. आणि वर छापलेला असतो सहन होणारा कमाल वेग. 7 इंची चकतीवर 8,500 लिहिलेलं असतं. ती गार्ड काढून 4 इंची मशीनवर चढवणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काय होत नाय साहेब."

इथं स्वस्त-महाग हा वादच बाजूला पडतो. नामांकित कंपनीची चकती, पण दुकानात दोन पावसाळे ओल खाल्लेली आणि मुदत संपलेली, म्हणून 'ऑफर'मध्ये दिलेली. ती ताज्या, साध्या, पण छापील माहिती असलेल्या चकतीपेक्षा वाईट. आणि जिच्यावर वेग नाही, मुदत नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती फुकट दिली तरी घेऊ नका.

दोन दशकं तालुक्यात बातमीदारी करतोय. 'ग्राइंडरची चकती फुटून तरुण जखमी' ही बातमी ठरावीक काळानं येतेच. पोलिसांच्या कागदावर निष्काळजीपणा एवढंच. अशाच एका पोराला मी नंतर भेटलो. एक डोळा गेला होता, वय चोविसाच्या आसपास. चकती कुठली होती विचारलं, तर मालकाला माहीत नव्हतं, दुकानदाराला आठवत नव्हतं, तुकडे झाडून टाकलेले. गॉगल होता का? होता, शेडमधल्या खिळ्याला टांगलेला. पार इतका चरे पडलेला, की घातल्यावर दिसत नाही म्हणून कुणी घालायचं नाही.

कायदा नाही का? आहे ना. 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 30 म्हणत होतं की ग्राइंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ चकतीचा कमाल सुरक्षित वेग सांगणारी कायमची पाटी हवी. किती नेमका विचार, आणि तोही 1948 साली! पण मूळ कायद्यात विजेवर काम चालत असेल तर किमान 10 कामगार असल्याशिवाय तो 'कारखाना'च नव्हता. नव्या संहितेत हा आकडा 20 झाला. आमच्या बाजारपेठेतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मालक धरून तीन माणसं असतात. म्हणजे सगळ्यात धोक्याचं काम जिथं होतं, तिथं ही पाटी लावायला कायद्यानं कुणी बांधीलच नाही.

आता सरकारी पैशाकडे येतो. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. 18 पारंपरिक व्यवसाय, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, वर 5 टक्के व्याजानं कर्ज. कल्पना चांगली आहे, तिला नावं ठेवणार नाही. लोहार, सुतार, गवंडी त्यात आहेत. (वेल्डर आणि वायरमन नाहीत, त्यावर वेगळं लिहीन.) खिशात दीडशेच असणाऱ्या माणसाला एकदा एकरकमी चांगलं हत्यार घेता यावं, यासाठी 15,000 हा अगदी कामाचा आकडा आहे. पण त्या पैशात काय हातात पडतं, यावर सगळं अवलंबून आहे.

सरकारी खरेदीत आपण 'एल-वन'ला, म्हणजे सर्वांत कमी दराला, देव मानतो. एका कार्यालयाची हत्यारांच्या खरेदीची यादी माझ्या हातात आली होती. त्यात लिहिलेलं: 'ड्रिल बिट संच – 1', 'कटिंग व्हील – 5', 'गॉगल – 1'. बस्स. कुठलं पोलाद, कुठलं मानक, चकतीची मुदत किती शिल्लक हवी, काही नाही. अशा यादीवर सर्वांत कमी दर कोण भरणार, हे सांगायला पत्रकार कशाला हवा? आणि लेखापरीक्षणात हे कधी सापडणार नाही, कारण संच एक मागितला होता, एक आला. दुचाकीच्या हेल्मेटला 1 जून 2021 पासून आयएसआय सक्तीचं केलं, तेव्हा हीच यंत्रणा नेमकं लिहू शकली होती. म्हणजे लिहिता येतं.

मागणी साधी आहे. सरकारी पैशातल्या प्रत्येक हत्याराच्या यादीत तीन ओळी वाढवा: बिट एचएसएसचं आणि तसा शिक्का असलेलं, चकतीवर वेग व मुदत छापलेली, मुदतीतलं किमान दीड वर्ष शिल्लक, गॉगल मानकाच्या खुणेचा आणि दोन जादा. पक्कड, हातोडी, टेप, ओळंबा घ्या हवं तितकं स्वस्त, आमची काही हरकत नाही.

गेल्या वर्षभरात कुणाला सरकारी टूलकिट मिळालं असेल, तर त्यातल्या चकतीच्या मधल्या कडीचा आणि बिटाच्या दांड्याचा फोटो मला पाठवा. नाव छापणार नाही. पुढच्या आठवड्यात हे फोटो घेऊन मी तहसीलला जाणार आहे.