संगणक वारंवार बंद कां पडतो?

संगणक वारंवार निळा पडदा दाखवून बंद पडूं लागला, म्हणजे घरांतील मंडळी बहुधा 'व्हायरस'ला बोल लावतात. पुष्कळदां खरा दोष डिस्कचा असतो. फाइल उघडण्यास विलंब लागणें, यंत्र मध्येंच थिजणें, हीं त्याचीं पूर्वचिन्हें होत.

अशा वेळीं दुरुस्तीची घाई करूं नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे. 'चेकडिस्क'ची दुरुस्तीची आज्ञा डिस्कवर फेरफार करते. जर्जर डिस्कला तो ताण सोसेलच असें नाहीं. म्हणून प्रथम घरचे हिशेब, दस्तऐवजांच्या प्रती व वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावीं. आंतून टकटक ऐकूं येत असल्यास मात्र यंत्र तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावें.

नंतर वीज तोडून डिस्कची केबल घट्ट बसवावी; कधीं कधीं दोष तेवढाच असतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची 'स्मार्ट' नोंद ठेवते, तीही पाहावी. नादुरुस्त म्हणून बदललेल्या सेक्टरांचा आंकडा वाढत असेल, तर डिस्क बदलणेंच श्रेयस्कर. एसएसडी तर आवाज न करतां एकाएकीं निकामी होऊं शकते; तेव्हां यंत्र धडधाकट असतांनाच दरमहा एक प्रत काढण्याचें काम घरांतील एखाद्या मुलाकडे सोंपवावें.