शिरगणती लांबते, हक्क थांबतो



शिरगणती म्हणजे सरकारदरबारची कोरडी आकडेमोड, तिच्याशी आपला काय संबंध, असे आपणांपैकी कोणी समजत असेल, तर तो समज त्याने आजच टाकून द्यावा. १९५६ च्या दीक्षेनंतर १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७,८९,५०१ बौद्धांची नोंद झाली. तेव्हा कोठे आपले धर्मांतर सरकारी दप्तराला नाकारता येईना. ज्याची मोजणी नाही, त्याचा वाटाही नाही!

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. आरंभी साथीचे कारण होते. साथ ओसरली, तरी गणती झाली नाही. पुढे १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली; म्हणजे दोन गणतींत सोळा वर्षांचे अंतर! नगरपालिकांपुरती ‘लोकसंख्या’ म्हणजे ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले, तीच लोकसंख्या, असे राज्यघटना सांगते. प्रभागांच्या सीमा आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागा याच आकड्यांवर ठरतात.

मुंबईत काय घडले पाहा. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, हा घटनेचा दंडक. परंतु जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचे राज्य चालले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. परंतु लोकसंख्या वाढली असे गृहीत धरून एका सरकारने २२७ चे २३६ प्रभाग केले आणि दुसऱ्याने २०२२ मध्ये ते पुन्हा २२७ वर आणले. ताजी गणती हाती असती, तर हा खेळ इतका सोपा झाला असता काय?

कोणी म्हणेल, उशिरा का होईना, निवडणूक झाली ना? होय, झाली, पण २०११ च्या आकड्यांवर! दरम्यान ज्यांच्या चाळी पडल्या, ज्यांच्या झोपड्या हलल्या, ते आज जेथे राहतात तेथे मोजलेच गेले नाहीत. प्रत्येक मताचे मूल्य समान असावे, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. शिळ्या आकड्यांच्या प्रभागांत ते समान कसे राहील?

म्हणून आपण दोन गोष्टी कराव्यात. गणती वेळेवर व्हावी आणि तिचे आकडे येताच प्रभाग नव्याने आखावेत, ही मागणी सभासभांतून करावी. आणि प्रगणक दारी येईल तेव्हा धर्म ‘बौद्ध’ असाच सांगावा; अनुसूचित जातीची नोंदही चुकवू नये. जात सोडली, मग तिचे नाव का घ्यावे, असे काही बंधू विचारतात. त्यांस उत्तर एवढेच, की धर्माची नोंद ही आपल्या निष्ठेची आहे आणि दुसरी नोंद ही आपल्यावर लादलेल्या अन्यायाची आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांस अनुसूचित जातींचे हक्क मिळाले. ते मिळविण्यास चौतीस वर्षे लागली. एका रिकाम्या रकान्यापायी ते दुबळे करू नका.

जय भीम!