डॉक्टर, भात बंद करू का?

शुगर निघाली की आपल्याकडचा पेशंट पहिला प्रश्न हाच विचारतो. चंद्रपूर-गडचिरोलीत दोन्ही वेळ भात खाणाऱ्याला ‘भात सोडा’ सांगणे सोपे, पाळणे कठीण. मी म्हणतो, प्रमाण कमी करा. पण कोणता तांदूळ खाता, तेही बघा.

सगळे तांदूळ सारखे नसतात. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांसोबत २३५ वाण तपासले. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचे माप, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, ४८ पासून ९२ पर्यंत निघाला. याचे मोठे कारण स्टार्चमधले अमायलोज. ते जास्त असले की भात मोकळा होतो आणि साखर सावकाश वाढते. हा गुण बियाण्यातूनच येतो.

नवीन वाणात असा गुण आणायचा, तर तो आधी कुठल्या तरी धानात जिवंत असावा लागतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्याच जपून, निवडून, पुन्हा पेरून ‘एचएमटी’ झाले. त्याआधी ग्रासी स्टंट या विषाणूजन्य रोगाने आशियातले धान बुडू लागले, तेव्हा हजारो नमुने तपासून प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी धानात. तो नमुना जपलेला नसता तर?

आजवर आपण धान निवडले ते उतारा आणि बारीक दाणा पाहून. आता आरोग्यही पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने जस्त जास्त असलेले ‘डीआरआर धान ४५’ काढले. म्हणजे हे जमते.

मात्र ‘देशी’ म्हणजे बिनसाखरेचा तांदूळ, असा गैरसमज नको. तांदूळ कमी पॉलिशचा घ्या. ताटात भात कमी, वरण-भाजी जास्त ठेवा. जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासा, म्हणजे तुमच्या शरीराला काय मानवते ते कळेल. गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका.

आणि घरी आजोबांच्या वेळचे एखादे धान असेल, तर एका बांधीत तरी लावत राहा. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात त्याचे बियाणे दाखवा. उद्याच्या पेशंटला लागणारा गुण कदाचित तुमच्याच कोठीत असेल.