किडा, धुरी आणि हापूस

मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरणप्रक्रिया होऊन अमेरिकेस गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा तेथील विमानतळांवर अडविण्यात आल्या. फळात कीड सापडली नव्हती. प्रक्रियेच्या कागदपत्रांत दोष आहे, एवढाच आक्षेप होता. माल परत आणणे परवडण्याजोगे नसल्याने निर्यातदारांनी तो तेथेच नष्ट होऊ दिला. चूक कोणाची, हा वाद होत राहील. परंतु त्यामुळे निर्यातीच्या फळामागील कीटकनियंत्रणाचा मूळ प्रश्न बाजूला पडता कामा नये.

आयात करणाऱ्या देशांची भीती निव्वळ कांगावा नव्हे. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते आणि वर टाचणीच्या टोकाएवढी खूण राहिली तर राहते. कोयीतील भुंगा तर त्याहून लबाड. त्याचे अंडे कोवळ्या कैरीवर असते, अळी कोयीत शिरते आणि मागची वाट भरून येते. फळ कापल्याखेरीज त्याचा पत्ता लागत नाही. असा पाहुणा परक्या देशातील बागांत स्थिरावला, तर त्याला हुसकावण्यास वर्षे लागतात. कधीकधी हीच भीती स्थानिक बागायतदारांना संरक्षण देण्यासाठी सोयीने वापरली जाते, हेही खरे. पण किडा आपल्या फळात असतो, हे नाकारून तो युक्तिवाद करता येत नाही.

यावर दीर्घकाळ रूढ असलेला उपाय म्हणजे विषारी वायूची धुरी. फळांसाठी एथिलीन डायब्रोमाइड सर्रास वापरले जाई. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आणि १९८३-८४ पासून अमेरिकेने त्याचा वापर क्रमाने बंद केला. मिथिल ब्रोमाइड आजही वापरात आहे. चिलीची द्राक्षे वर्षानुवर्षे त्याच्याच धुरीतून अमेरिकेच्या बाजारात गेली. हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून माँट्रियल करारान्वये विकसित देशांत २००५ पर्यंत व विकसनशील देशांत २०१५ पर्यंत त्याचा सामान्य वापर थांबवावयाचा होता. मात्र आयात-निर्यातीतील कीडप्रतिबंधासाठी त्याला सूट राहिली. ज्या वायूला शेतातून हद्दपार केले, त्याला बंदरात मानाचे स्थान, असा हा प्रकार आहे. शिवाय त्याला स्वतःचा वास नाही. गळती झाली, तर गोदामातील हमालाला ती वेळीच उमगेल याची शाश्वती काय?

आंब्याने अखेर दुसऱ्या वाटा शोधल्या. जपानने १९८६ मध्ये बंद केलेले दार २००६ मध्ये उघडले, ते बाष्पोष्ण प्रक्रियेच्या अटीवर: फळाच्या गाभ्याचे तापमान ४७.५ अंशांवर २० मिनिटे. युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये घातलेली बंदी पुढील वर्षी उठली. तेथे गरम पाण्याची प्रक्रिया स्वीकारली गेली. अमेरिकेसाठी २००७ पासून ४०० ग्रे मात्रेचे विकिरण आले आणि त्याचा मान मुळात कांद्याचे कोंब रोखण्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या केंद्राला मिळाला. विकिरणाने किडा लगेच मरतोच असे नाही. पण त्याची वाढ वा प्रजोत्पादन थांबते. त्यामुळे तपासनिसाला जिवंत अळी दिसली, तरी प्रक्रिया फसली असे होत नाही. अशा वेळी कागदच साक्षीदार असतो, म्हणूनच त्यातील एक चूक इतकी महाग पडते.

या व्यवस्थेचा भार मात्र लहान बागायतदारावर येतो. अमेरिकी निरीक्षक येथे येऊन प्रक्रियेवर देखरेख करतात. महामारीमुळे २०२० व २०२१ मध्ये ते येऊ शकले नाहीत, तेव्हा ती निर्यातच ठप्प झाली. देवगडचा बागायतदार त्यावर काय करणार? त्याच्या हाती बाग आहे. गळलेली, किडकी फळे रोज वेचून खोल पुरणे आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला 'रक्षक' सापळा लावणे ही कामे स्वस्त आहेत. पण एकट्याने करून भागत नाहीत, कारण माशी बांध ओळखत नाही. गावभर एकाच वेळी सापळे लागतील, अशी व्यवस्था कृषी खात्याने मोहोर धरण्यापूर्वीच करावयास हवी. आणि केंद्रावरील मात्रेच्या नोंदी विमान सुटण्यापूर्वी दुसऱ्या हाताने तपासल्या जातील, एवढे तरी पुढील हंगामाआधी ठरले पाहिजे.