परका मुलूख कोणता?

दिवाळी आली की विलायतेतल्या पहिल्या दिवसांची रडगाणी सुरू होतात : थंडी, बेचव जेवण, आईची आठवण. मुलगा परक्या मुलखात पडला म्हणून सारे घर हळहळते. मला या हळहळीचाच राग येतो. वाचकहो, परका मुलूख पाहायचा तर दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत या.

१९१३ साली भीमराव आंबेडकर शिकायला न्यूयॉर्कला उतरले. वसतिगृहातले जेवण मानवेना म्हणून आठवड्याभरात मुक्काम हलवला, एवढेच! तेच १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले, तर खोली मिळेना. पारशी नाव घेऊन पारशांच्या उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी तिथे लाठ्या घेऊन माणसे आली.

आणि दौलताबाद? १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले असता इथे थांबले. रमजानचा महिना. दाराबाहेरचा हौद काठोकाठ भरलेला. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय धुतले मात्र, हौद बाटवला म्हणून शिव्यांचा भडिमार! हिंदू, पारशी, मुसलमान – या एका बाबतीत आपली एकी पाहा. अखेर किल्ला पाहू दिला. पण पाण्याला कुठे हात लागू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत देऊन.

त्यांनी लिहून ठेवलेल्या या आठवणींचे नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. तो व्हिसा आपण द्यायचा होता.