पथ्याची वजाबाकी, पोषणाची बेरीज

कर्करोगाचे निदान झाले की सातारा-सांगलीकडील माणसाने मुंबईची वाट धरावयाची, असा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. सन १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने तेथे येणाऱ्या असंख्य रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना निवारा दिला, अन्नही दिले. आज मिरज, कराड आणि सातारा परिसरातही किरणोपचार व केमोथेरपी मिळू शकते. सकाळी एस.टी.ने गेलेला रुग्ण संध्याकाळी आपल्या घरी परततो. ही सोय मोठीच आहे. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही घरी आली आहे. रुग्णाच्या पोटात काय आणि किती जाते, हे आता त्याच्याच स्वयंपाकघरात ठरते.

या जबाबदारीचे मोल पुरेसे ओळखले जात नाही. उपचार चालू असताना वजन झपाट्याने घटले, तर शरीराला औषध सोसेनासे होते. मात्रा कमी करावी लागते किंवा पुढची पाळी लांबवावी लागते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात किरणोपचारासाठी चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा तयार करतात. रुग्ण फार वाळला तर तोही सैल पडतो. तंबाखूने ज्या भागात घराघरांत शिरकाव केला आहे, तेथे अशा रुग्णांची वाण नाही आणि गिळणे कठीण होते तेही नेमके त्यांनाच.

अशा वेळी घरात पथ्याची वजाबाकी सुरू होते. भेटीस येणारा प्रत्येक जण एकेक पदार्थ ताटातून उचलतो. कोणी साखर बंद करतो, कोणी दूध, कोणी अंडी. 'उष्ण' म्हणून शेंगदाणेही जातात. साखर तोडली की गाठ उपाशी मरते, ही समजूत तर सुशिक्षितांतही आढळते. तिला आधार नाही. साखर शरीरातील सर्वच पेशी वापरतात. उपासमारीने आधी खंगतो तो रुग्ण. मधुमेह असलेल्याची गोष्ट अर्थातच वेगळी. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे. सांगलीच्या हळदीचीही तीच कथा. आमटीतील चिमूटभर हळद निर्धोक आहे. मात्र चमचाचमचा पूड, हळदीच्या गोळ्या किंवा कोणी सुचवलेले काढे उपचारांच्या काळात डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत. औषधांच्या कार्यात त्यांची ढवळाढवळ होऊ शकते.

खरी गरज आहे ती बेरजेची. सर्वसाधारणपणे अशा रुग्णाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने आणि पंचवीस ते तीस कॅलरी लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच किंवा थोडी अधिक, मूठभर शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. त्यासाठी महागडे डबे आणलेच पाहिजेत असे नाही. दाण्याचे कूट घातलेली पातळ भाजी, तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, दुधातील नाचणीची खीर, कुस्करलेली अंडी, भिजवून वाटलेले तासगावचे बेदाणे, एवढे या दोन जिल्ह्यांत दुर्मीळ नाही.

पण अन्न असूनही ते जात नाही, हे रुग्णाचे खरे दुःख असते. तोंड आलेले असते, चव कडवट झालेली असते, फोडणीच्या वासानेच मळमळते. अशा वेळी भरले ताट पुढे ठेवण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा वाटीभर द्यावे. खर्डा आणि झणझणीत रस्सा काही दिवस दूर राहू द्यावा. गार किंवा कोमट अन्नाचा वास कमी येतो, म्हणून दहीभात कित्येकदा जातो. अन्न ताजे, नीट शिजवलेले, पाणी उकळलेले आणि फळे स्वच्छ धुतलेली असावीत. कारण केमोथेरपीच्या काळात प्रतिकारशक्ती उणावते. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर घरगुती उपाय करीत न बसता त्वरित रुग्णालय गाठावे.

आग्रहाचे मात्र भान हवे. 'दोन घास तरी खा' या वाक्यामागे माया असते. तेच वाक्य दिवसातून दहादा ऐकणाऱ्याला ते ओझे वाटते. जेवण हा भांडणाचा विषय झाला की उरलीसुरली भूकही मरते. आणि आजार असाध्य होऊन अखेर जवळ आली असेल, तर शरीर स्वतःच अन्न नको म्हणते. तेव्हा ओठ ओले करणे आणि उशाशी बसणे हीच सेवा होय.

आणखी एका रुग्णाचा विचार अगत्याने केला पाहिजे. ती म्हणजे घरातील स्त्री. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेत असतानाही ती सर्वांसाठी भाकऱ्या थापते आणि सर्वांच्या मागून उरेल ते खाते. तिच्यासाठी वाटी कोण भरणार? तिच्या पथ्याची चर्चा पुष्कळ होते; पोषणाची क्वचितच. नवऱ्याने आणि मुलांनी चुलीपाशी उभे राहणे, हा तिच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

घराने एवढे करावयाचे, तर व्यवस्थेनेही काही केले पाहिजे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांचा भार उचलला जातो; पण घरच्या दूध-अंड्यांचा खर्च कुटुंबावरच राहतो. क्षयरोग्याच्या आहारासाठी केंद्र सरकारने सन २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले आणि सन २०२४ मध्ये ती रक्कम १००० रुपये केली. पोषण हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले; गरीब कर्करोग्याला ते लागू का नसावे? रुग्णालयांनीही प्रत्येक खेपेस रुग्णाचे वजन पाहावे, आहारतज्ज्ञाची गाठ घालून द्यावी आणि भाकरी-आमटीच्या भाषेत लिहिलेला आहाराचा कागद औषधाच्या चिठ्ठीसोबत हाती ठेवावा. तसा कागद घरात असला, तर पथ्य सांगणाऱ्या पाहुण्यालाही तो दाखवता येईल.