अडसर लावलेले दार



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुलांचा अभ्यास, आहार, नोकरी, विवाह हेच विषय बहुधा असतात. फुटबॉलच्या डावपेचांविषयी एखाद्या मातेने विचारणा करावी, असा योग विरळाच. परंतु जबलपूरजवळच्या खमरिया येथून एका भगिनीचे जे पत्र आले आहे, त्यात खेळाइतकाच घराचाही प्रश्न गुंतलेला आहे. त्यामुळे त्याचे उत्तर सर्वांच्या समक्ष द्यावे असे वाटले.

खमरिया येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांची वसाहत वाढली. अशा वसाहतीत संध्याकाळी भोंगा झाला की मैदाने जागी होतात. या भगिनीचा सोळा वर्षांचा मुलगा तेथील एका संघात सेंटर फॉरवर्ड आहे. गेल्या महिन्यातील अखेरच्या सामन्यात चेंडू जवळजवळ सर्व वेळ याच संघाच्या पायाशी होता. परंतु प्रतिपक्षाने आठ-नऊ गडी आपल्या गोलापुढे उभे केले, एकदाच धाव घेतली आणि तेवढ्यात गोल करून सामना जिंकला. या मुलाच्या दोन संधी हुकल्या. मैदानावर लोकांनी त्याला बोल लावला. तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेले त्याचे वडील घरी आल्यावर एकच वाक्य बोलले, "तुझ्यामुळे हरलात." त्या दिवसापासून मुलाचे बूट कॉटखाली पडून आहेत आणि पिता-पुत्रांचे बोलणे जेवणापुरते उरले आहे. भगिनी लिहितात, "मला खेळातले काही कळत नाही. असा संघ फोडता येतो काय, आणि माझा मुलगा खरोखरच दोषी आहे काय, एवढे सांगा."

प्रथम पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

मोडणे सोपे व घडविणे अवघड, हा व्यवहारातला नियम फुटबॉललाही लागू आहे. बचाव करणाऱ्याला चेंडू कोठेही भिरकावून दिला तरी पुरते. चढाई करणाऱ्याला मात्र तो नेमक्या क्षणी नेमक्या पायावर द्यावा लागतो. त्यातून गोल अवघा ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. त्याच्यापुढील पेनल्टीचे क्षेत्र सुमारे ४० मीटर रुंद असते. एवढ्या जागेत नऊ गडी ओळीने उभे राहिले तर साडेचार मीटरांस एक, असा पहारा बसतो. मग सेंटर फॉरवर्ड कितीही चपळ असला तरी त्याच्या वाट्याला दोन पाय आणि चार शत्रू येतात. अशा भिंतीवर समोरून डोके आपटणे हा पराक्रम नव्हे.

मग करावे काय? याच आकड्यांत पहिले उत्तर आहे. मैदान ६८ मीटर रुंद असेल तर पेनल्टी क्षेत्राच्या दोन्ही बाजूंस सुमारे चौदा-चौदा मीटर जागा मोकळी राहते. बगलेच्या खेळाडूंनी या जागेत, अगदी चुन्याच्या रेषेला लागून उभे राहावे. चेंडू डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे वेगाने फिरवावा. माणूस कितीही धावला तरी चेंडूइतका धावू शकत नाही. चेंडू चार वेळा या टोकाहून त्या टोकाला गेला की भिंतीतील गड्यांनाही चार वेळा सरकावे लागते. आणि सरकताना कोणीतरी एक पाऊल मागे राहतोच. ती एका पावलाची फट म्हणजेच संधी होय. मात्र चेंडू संथपणे फिरविल्यास काहीच साधत नाही, कारण तेवढ्या वेळात भिंत पुन्हा सांधली जाते. पुष्कळ संघ येथेच फसतात आणि चेंडू आपल्याकडे आहे म्हणजे सामनाही आपल्याकडे आहे, अशी समजूत करून घेतात.

बगलेवर चेंडू मिळाला की तेथूनच तो उंच उडवून गोलापुढे टाकण्याचा मोह होतो. उंचापुऱ्या बचाववीरांना असे चेंडू डोक्याने परतविणे अत्यंत सोपे जाते. त्यापेक्षा गोलरेषेपर्यंत आत शिरावे आणि तेथून चेंडू जमिनीसरसा मागे द्यावा. याचे दोन लाभ आहेत. बचाव करणाऱ्यांची तोंडे अशा वेळी स्वतःच्याच गोलाकडे वळलेली असतात, त्यामुळे पाठीमागून येणारा खेळाडू त्यांना दिसत नाही. दुसरे असे की, चेंडूच्या मागे असलेला खेळाडू ऑफसाइड ठरत नाही. हा मागे दिलेला पास म्हणजे बंद बचावाविरुद्धचे एक हुकमी अस्त्र आहे.

दुसरा मार्ग पहारेकऱ्याला भुलविण्याचा. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६–३ असे हरविले. त्यापूर्वी ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याही देशाच्या संघाने इंग्लंडला त्याच्या घरच्या मैदानावर नमविले नव्हते. हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटी याच्या पाठीवर सेंटर फॉरवर्डचा ९ क्रमांक होता. परंतु तो आघाडीला न थांबता मागे, मध्यभागी येऊन खेळे. इंग्लंडचा मध्यरक्षक हॅरी जॉन्स्टन याच्यापुढे पेच पडला. त्याच्या मागे जावे तर गोलापुढे खिंडार पडे, न जावे तर हिदेगकुटी मोकळा राही. त्या मोकळेपणात हिदेगकुटीने तीन गोल केले. आपल्या खमरियाच्या खेळाडूने हे ध्यानी घ्यावे: चार जणांच्या गराड्यात उभे राहून पासची वाट पाहण्यापेक्षा कधी मागे, कधी बगलेला सरकावे. त्याच्यामागे एक पहारेकरी गेला तरी सोबत्यांना वाट मिळते. गोल न करताही गोल घडविता येतो, तो असा.

बचावाची कला इटलीतील संघांनी शास्त्राच्या पदवीला नेली. त्यांच्या पद्धतीचे नाव कातेनाच्चो, म्हणजे दाराचा अडसर. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक पहारेकरी, आणि सर्वांच्या मागे एक मोकळा गडी, अशी तिची रचना होती. एलेनियो एरेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मिलानच्या इंटर संघाने या बळावर १९६४ व १९६५ असे लागोपाठ दोनदा युरोपीय चषक जिंकला. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे अंतिम सामन्यात त्यांची गाठ स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाशी पडली. सेल्टिकचे सर्व खेळाडू ग्लासगो शहराच्या तीसेक मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. आरंभीच इंटरला पेनल्टी मिळून एक गोल झाला आणि अडसर पडला. अशा स्थितीत दुसरा एखादा संघ हताश झाला असता.

सेल्टिकचे मार्गदर्शक जॉक स्टाइन यांची योजना निराळी होती. त्यांचे आघाडीचे खेळाडू आत सरकून पहारेकऱ्यांना सोबत ओढून नेत, आणि मोकळ्या झालेल्या बगलांतून चक्क फुलबॅक चढाईला येत. प्रत्येक आघाडीवीराला एकेक पहारेकरी नेमलेला होता, परंतु मागून येणाऱ्या फुलबॅकला कोणीच नेमलेला नव्हता! त्यातच दुरून जोरकस फटक्यांचा मारा चालू होता. चेंडू दोनदा आडव्या दांडीवर आदळला. इंटरचा गोलरक्षक सार्ती याने कितीतरी फटके अडविले. तासभर प्रयत्न करूनही फळ मिळाले नाही, तरी सेल्टिकने आपली पद्धत सोडली नाही. अखेर ६३व्या मिनिटास उजव्या फुलबॅकने, क्रेगने, चेंडू मागे दिला आणि डाव्या फुलबॅकने, जेमेलने, पेनल्टी क्षेत्राच्या सीमेवरून तो जाळ्यात मारला. सामना संपण्यास पाच-सहा मिनिटे उरली असता मर्डॉकच्या फटक्याला चामर्सने गोलासमोर दिशा दिली आणि सेल्टिकने २–१ असा विजय मिळविला. बचाव फोडणारा पहिला गोल दोन बचाववीरांनी मिळून केला, ही गोष्ट पुन्हा एकदा वाचण्याजोगी आहे.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १६७० साली कोंढाणा सर झाला तो दरवाजा फोडून नव्हे. जी कड्याची बाजू चढण्यास अशक्य म्हणून पहारेकऱ्यांच्या मनातून सुटली होती, तिकडून तानाजी मालुसऱ्यांचे मावळे वर गेले.

आपल्या देशातील उदाहरण तर याहूनही हृद्य आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. केवळ दुबळ्या पायाने खेळावयाचे, अशा स्पर्धाही ते आपल्या खेळाडूंसाठी भरवीत. कारण उघड आहे. एकाच पायाने खेळणारा कोणत्या बाजूस वळणार हे बचाव करणारा आधीच ओळखतो.

१९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत रहीम भारतीय संघाचे मार्गदर्शक होते. साखळी सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०–२ असे हरविले. कोरियाच्या बचावातून एकही गोल निघाला नाही. पुढे अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर आला. मधल्या काळात थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलसिंग या भक्कम बचाववीराच्या डोक्याला जखम होऊन टाके घालावे लागले होते. रहीम यांनी त्याला घरी बसविले नाही. त्याला बचावातून काढून आघाडीला, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले! उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ च्या अंतिम सामन्यात, प्रतिकूल प्रेक्षकांच्या गदारोळात, पी. के. बॅनर्जी यांनी १७व्या मिनिटास व जर्नेलसिंगने २०व्या मिनिटास गोल केला, आणि भारताने सुवर्णपदक २–१ असे जिंकले. ज्या भिंतीपुढे नव्वद मिनिटे निष्फळ गेली होती, तीच भिंत काही दिवसांनी वीस मिनिटांत दोनदा फुटली. चुनी गोस्वामींचा संघ तोच होता. बदलली होती ती माणसाची जागा. गंभीर आजाराने ग्रासलेले रहीम पुढील वर्षी, जून १९६३ मध्ये निधन पावले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर लाभलेले नाही.

आणखी दोन सूचना थोडक्यात. प्रतिपक्ष गोलापुढून हलतच नसेल तर चेंडू घेऊन आपणच मागे यावे. काही वेळाने त्यांचे एक-दोन गडी अधीर होऊन पुढे येतात आणि त्यांच्या पाठीमागे मैदान उघडते. तसेच, सर्वांनी चढाईला जाण्याचा मोह टाळावा. दोन-तीन गडी मागे सावध असलेच पाहिजेत. बचावावर जगणारा संघ नेमकी त्याच मोहाची वाट पाहत असतो. खमरियाचा सामना ज्या एका धावेत गेला, ती धाव याच चुकीतून आली असावी, असे पत्रातील वर्णनावरून वाटते.

सरावासाठी मोठे साहित्य लागत नाही. अर्ध्या मैदानात आठ विरुद्ध सहा असा खेळ लावावा आणि चेंडूला दोनदाच पाय लावण्याची मर्यादा घालावी. बगलेवरून आत जाऊन मागे दिलेल्या पासवर झालेला गोल दोन गोलांइतका धरावा. कॉर्नर व फ्री किक यांच्या दोन ठरीव योजना रोज पंधरा मिनिटे घोटाव्यात, कारण घट्ट बचावाविरुद्ध पुष्कळदा याच क्षणी दार किलकिले होते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहणारा जाणता प्रेक्षक गोल कोणी केला यावरच थांबत नाही, जागा कोणी करून दिली हेही विचारतो. ती दृष्टी आपल्या मैदानांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही घ्यावी.

आता भगिनीचा दुसरा प्रश्न. वरील प्रत्येक उपायात किमान तीन-चार खेळाडू लागतात, हे आपल्या ध्यानात आले असेल. एकट्या सेंटर फॉरवर्डने भिंत फोडली, असे वरील एकाही सामन्यात घडले नाही. आपल्या मुलाच्या दोन संधी हुकल्या हे खरे. तथापि बगला रिकाम्या ठेवणे, चेंडू संथ फिरविणे आणि मागे पहारा न ठेवणे या चुका सबंध संघाच्या व त्याला शिकविणाऱ्यांच्या आहेत. त्या सोळा वर्षांच्या एका मुलाच्या खांद्यावर ठेवणे न्यायाचे नाही.

आणि त्याच्या वडिलांस आमची नम्र विनंती. आपण हा खेळ खेळला आहात. म्हणूनच आपल्या तोंडचे एक वाक्य त्याला शंभर प्रेक्षकांच्या ओरडण्याहून जड गेले. येत्या रविवारी कॉटखालचे बूट आपणच बाहेर काढावेत, त्याला मैदानावर न्यावे आणि गोलरेषेवरून मागे पास द्यावयास आपण स्वतः उभे राहावे. फटका त्याने मारावा. पहिले काही बाहेर जातील, जाऊ द्यावेत. भेडाघाटच्या संगमरवरातून नर्मदेने वाट काढली, ती काही एका दिवसात नव्हे, आणि हे आपणा जबलपूरकरांस आम्ही सांगावयास नको.

पुढील सामन्याचा निकाल काहीही लागो, तो आम्हांस अवश्य कळवावा. त्याहीपूर्वी, घरातले बोलणे जेवणापलीकडे गेले की भगिनींनी दोन ओळी टाकाव्यात. आम्ही त्या पत्राची अधिक वाट पाहू.